सगळी पापे सारखीच?

श्रोतेहो, ख्रिस्ती धर्माविषयी मला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एक प्रश्न हमखास असतो. 'तुमच्यात म्हणे सगळी पापं सारखीच. खरं का हो?' विचारणारा बहुधा एखादा हिंदू स्नेही असतो. महापातक आणि उपपातक हा भेद त्याच्या कानावरून गेलेला असतो. चित्रगुप्ताच्या वहीत खोटे बोलल्याची नोंद आणि खुनाची नोंद एकाच रकान्यात, एकाच आकड्याने होत असेल, हे त्याच्या मनाला पटत नाही. गंमत अशी, की आमच्या ख्रिस्ती घरांतूनही हा विषय निघतो. पण तिथे तो प्रश्न म्हणून निघत नाही, उत्तर म्हणून निघतो. 'शेवटी पाप ते पाप, त्यात लहान काय नि मोठं काय!' हे वाक्य मी प्रार्थनासभेत ऐकले आहे, भावकीच्या भांडणात ऐकले आहे आणि मयताच्या घरीसुद्धा ऐकले आहे.

'सब घोडे बारा टक्के' असे आपण मराठीत सर्रास म्हणतो. कोणाची लायकी काय, कोणाचा दोष किती, हे न पाहता सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याचा जो प्रकार असतो, त्याला उद्देशून हे म्हटले जाते. पापांच्या बाबतीत ख्रिस्ती धर्म असाच घाऊक हिशेब करतो का, हे आज आपल्याला पाहायचे आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा आहे असे कोणी समजू नये. मी अनेक वर्षे शास्त्राभ्यासाचा एक छोटा वर्ग चालवला. त्या वर्गाला एक तरुण विवाहिता येत असे. एकदा वर्ग संपल्यावर ती मागे थांबली. सगळे गेल्यावर तिने विचारले, 'सर, माझं उलटून बोलणं आणि यांचं हात उचलणं, देवाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच आहे का?' तिच्या घरचे भांडण मिटवायला मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ गेले होते. दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितले होते, की देवापुढे कोणी लहान पापी नाही आणि कोणी मोठा नाही. तूही चुकलीस, तोही चुकला. दोघांनी एकमेकांची क्षमा मागा, प्रार्थना करा आणि विषय संपवा. विषय संपला नव्हता. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

त्या गृहस्थांचा हेतू वाईट होता असे मला म्हणायचे नाही. आपण पवित्र शास्त्रातलेच सांगत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. म्हणून शास्त्रात खरोखर काय आहे, ते आधी नीट पाहू.

सगळी पापे सारखी, या म्हणण्याला आधार नाही असे नाही. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्या भाषेत पापासाठी जो शब्द सर्वांत जास्त वेळा येतो तो 'हमार्तिया'. त्याच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. नेम बोटभर चुकला काय आणि हातभर चुकला काय, चुकला तो चुकलाच. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सर्वांनीच पाप केले आहे आणि पापाचे वेतन मरण आहे, असे प्रतिपादन केले. त्यात त्याने कोणाला सूट दिली नाही. येशूने डोंगरावरील प्रवचनात तर खुनाच्या आज्ञेचा विषय काढून तो थेट रागापर्यंत नेला आणि व्यभिचाराचा विषय नजरेतल्या वासनेपर्यंत नेला. शिवाय याकोबाच्या पत्रात असा विचार मांडला आहे, की सगळे नियमशास्त्र पाळणारा माणूस एका ठिकाणी जरी अडखळला, तरी तो सगळ्याचाच दोषी ठरतो. ज्यांना सगळी पापे सारखी वाटतात, त्यांचा मुख्य पुरावा हाच.

आता हाच पुरावा जरा मागचे-पुढचे पाहून वाचू. याकोबाचा हा अध्याय सुरू कुठे होतो? एका सभेत. बोटात सोन्याची अंगठी आणि अंगावर भपकेदार कपडे असलेला एक माणूस सभेत येतो आणि मळकट कपड्यांतला एक गरीबही येतो. श्रीमंताला 'या, इथे बसा' म्हणून चांगली जागा मिळते. गरिबाला सांगितले जाते, की तू तिथे उभा राहा, नाहीतर पायाशी बस. याकोब संतापला आहे तो या प्रकारावर. त्या लोकांनी खून केला नव्हता, व्यभिचार केला नव्हता. त्यामुळे हा एवढासा भेदभाव म्हणजे काही पाप नव्हे, अशी त्यांची समजूत होती. त्यांना याकोब सांगतो, की ज्या देवाने खून करू नको म्हटले, त्याच देवाने शेजाऱ्यावर प्रीती कर असेही म्हटले आहे. एक आज्ञा पाळली म्हणून दुसरी मोडण्याचा परवाना मिळत नाही.

म्हणजे हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? जे स्वतःला स्वच्छ समजतात आणि दुबळ्याला पायाशी बसवतात, त्यांना. पायाशी बसवलेल्या माणसाला याकोबाने 'तूही पापीच आहेस' असे सुनावलेले नाही. आपल्या देशात तर हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. जातीच्या नावाने वेगळी बसायची जागा आणि वेगळी दफनभूमी हे प्रकार भारतातील काही चर्चमध्ये दीर्घकाळ चालत आले. कॅथलिक बिशपांच्या भारतीय परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा असा भेदभाव चर्चमध्ये अजून शिल्लक असल्याची कबुली तिला द्यावी लागली.

डोंगरावरील प्रवचनाचेही तसेच आहे. राग आणि खून एकच, असे येशू तिथे म्हणत नाही. खुनाचे बी रागात असते आणि त्या बियाचाही जाब द्यावा लागेल, असा त्याचा रोख आहे. मनातल्या मनात शेजाऱ्याला शिव्या घालणे आणि त्याच्या मानेवर सुरा ठेवणे या दोहोंत फरक आहे की नाही, हे शेजाऱ्याला विचारले तर तो लगेच सांगेल. इतकेच नव्हे, तर त्याच ठिकाणी रागावणे, अपशब्द बोलणे आणि त्याहून कठोर शब्दाने हिणवणे अशा चढत्या पायऱ्या आहेत आणि त्यांसाठी सांगितलेली शिक्षाही चढत जाते.

आता दुसरी बाजू पाहू. जुन्या करारात, गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात, नकळत झालेले पाप आणि उद्दामपणे, हात उगारून केलेले पाप यांत स्पष्ट भेद केला आहे. पहिल्यासाठी अर्पणाची तरतूद आहे, दुसऱ्यासाठी समाजातून उच्छेद. येशू परूशी लोकांवर टीका करताना म्हणतो, की तुम्ही पुदिना, शेपू आणि जिरे यांचासुद्धा दहावा हिस्सा मोजून देता, पण न्याय, दया आणि विश्वास या भारी गोष्टी सोडून देता. नियमशास्त्रात काही गोष्टी भारी असतील, तर काही हलक्या आहेत हे ओघाने आलेच. धन्याची इच्छा ठाऊक असून ती न पाळणाऱ्या चाकराला जास्त फटके आणि ठाऊक नसलेल्याला कमी, हा लूकच्या शुभवर्तमानातला दृष्टान्तही प्रसिद्ध आहे. ज्याने लहानग्यांपैकी एकाला अडखळवले, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात टाकलेले बरे, इतके कठोर उद्गार येशूने काढले. असे उद्गार त्याने सरसकट प्रत्येक पापाबद्दल काढलेले नाहीत.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग. येशू बंदिवान होऊन पिलातासमोर उभा आहे. पिलात त्याला आपल्या अधिकाराची धमकी देतो. तेव्हा येशू त्याला सांगतो, की ज्याने मला तुझ्या हाती दिले त्याचे पाप अधिक मोठे आहे. श्रोतेहो, ज्या मृत्यूभोवती सगळा ख्रिस्ती धर्म उभा आहे, त्या मृत्यूच्या अपराधातही प्रत्येकाचा वाटा येशूने वेगवेगळा मोजला. पिलात निर्दोष नाही, पण तो सगळ्यांत मोठा दोषीही नाही. स्वतःचा जीव जात असताना ज्याने हा तराजू हातातून सोडला नाही, त्याच्या नावाने 'सगळी पापे सारखी' म्हणायचे, हे मोठे धाडसाचे काम आहे.

मग हे वाक्य आले कुठून? इतिहासात मागे गेले तर मोठी मजेशीर गोष्ट सापडते. 'सगळे अपराध समान' हे मत ख्रिस्ती धर्माच्याही आधी ग्रीस-रोममधल्या स्टोइक तत्त्वज्ञांनी मांडले होते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन वक्ता सिसेरो याने ते समजावून देताना एक उदाहरण दिले आहे. सुकाणूवाल्याने निष्काळजीपणाने जहाज बुडवले; त्या जहाजात सोने होते की भुसा होता, याने नुकसानीत फरक पडेल, पण सुकाणूवाल्याच्या चुकीत फरक पडत नाही. चूक तेवढीच. युक्तिवाद चलाख आहे. कवी होरेस याने त्याच शतकात त्याची खिल्ली उडवली. परक्याच्या मळ्यातली कोबीची रोपे मोडणारा आणि रात्री देवळातल्या पवित्र वस्तू पळवणारा या दोघांना एकच शिक्षा देणार का, असा त्याचा सवाल होता. मला मात्र सिसेरोच्या उदाहरणाविषयी वेगळेच विचारावेसे वाटते. त्या जहाजात सोने किंवा भुसा यांऐवजी माणसे असली तर? स्टोइकांचे सगळे लक्ष सुकाणूवाल्याकडे होते. बुडणाऱ्याकडे त्यांनी पाहिलेच नाही.

ख्रिस्ती धर्माला या मताचा सामना फार लवकर, आणि तोही रक्तरंजित परिस्थितीत करावा लागला. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियस याने फर्मान काढले, की प्रत्येकाने रोमन देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. अशा दाखल्यांचे कागद इजिप्तमध्ये पुढे सापडलेही आहेत. हजारो ख्रिस्ती लोकांपुढे पेच पडला. काही जण आपणहून धावत जाऊन अर्पण करून मोकळे झाले. काहींनी छळ सोसला आणि शेवटी अंगातले त्राण संपल्यावर हात पुढे केला. काहींनी अर्पण केलेच नाही, पण पैसे चारून खोटा दाखला मिळवला. छळ ओसरला तेव्हा हे सगळे मंडळीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आम्हाला परत घ्या, म्हणू लागले.

आता काय करायचे? 'सगळ्यांनीच विश्वासघात केला, सगळे सारखे' असे म्हणणारे कडक लोक होते. आजच्या ट्युनिशियात असलेल्या कार्थेज नगरीचा बिशप सिप्रियन याने त्यांना विरोध केला. एका सहकारी बिशपला लिहिलेल्या पत्रात त्याने साफ सांगितले, की सगळी पापे समान हे मत स्टोइकांचे आहे, आपले नव्हे. त्याने काय काय भेद केले पाहा. आपणहून गेलेला वेगळा आणि दीर्घ झगड्यानंतर कोसळलेला वेगळा. बायकोमुलांना, साऱ्या घराला आपल्याबरोबर ओढत नेणारा वेगळा. आणि घरच्यांवर बालंट येऊ नये म्हणून एकट्यानेच पुढे होऊन ते पाप स्वतःच्या माथी घेणारा वेगळा. २५१ साली कार्थेजला भरलेल्या परिषदेने दाखला विकत घेणाऱ्यांना आणि प्रत्यक्ष अर्पण करणाऱ्यांना वेगवेगळे नियम लावले. प्रायश्चित्त सगळ्यांनाच होते, सारखे मात्र कोणालाच नव्हते. पुढे सात वर्षांनी याच सिप्रियनने स्वतःच्या श्रद्धेपायी मरण पत्करले. त्यामुळे तो पापाला सैल सोडणारा होता असे त्याच्याविषयी कोणी म्हणू शकत नाही.

त्यानंतर हा विचार अधिक नेटका होत गेला. संत ऑगस्टिनने ४१५ साली संत जेरोमला पत्र लिहून याकोबाच्या त्याच वाक्याचा अर्थ विचारला आणि स्वतःचे उत्तरही मांडले. सगळे नियमशास्त्र प्रीतीवर आधारलेले आहे; म्हणून जो प्रीतीविरुद्ध वागतो तो मुळावरच घाव घालतो आणि त्या अर्थाने सगळ्याचा दोषी होतो; पण घाव किती खोल, यावर दोष कमी-अधिक ठरतो. मध्ययुगात आयर्लंडमधल्या मठांतून प्रायश्चित्तांच्या याद्या असलेले ग्रंथ तयार झाले. त्यांत एकाच अपराधासाठी सामान्य माणसापेक्षा धर्मगुरूला जास्त उपास सांगितलेले आढळतात. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने 'सगळी पापे समान आहेत काय' असा प्रश्नच आपल्या ग्रंथात घेतला आणि एक सुरेख दाखला दिला. मरण आणि आजार यांत फरक असतो. मेलेला माणूस कमी मेला, जास्त मेला असे होत नाही. आजारी माणूस मात्र कमी आजारी किंवा जास्त आजारी असू शकतो. पाप हे आजारासारखे आहे. म्हणून ते किती वाढले, हे पाहावेच लागते.

कॅथलिक परंपरेतला प्राणघातक पाप आणि क्षम्य पाप हा भेद याच विचारातून पक्का झाला. एखादे पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असली पाहिजे, ती गंभीर आहे हे करणाऱ्याला कळत असले पाहिजे आणि तरीही त्याने ती जाणूनबुजून, स्वतःच्या मर्जीने केलेली असली पाहिजे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात या तीन अटी आहेत आणि पाप कोणाविरुद्ध घडले, यावरही त्याचे गांभीर्य अवलंबून असते असे तिथे सांगितले आहे.

प्रॉटेस्टंट लोकांनी हा भेद नाकारला, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांची तक्रार अशी होती, की 'क्षम्य' हा शब्द ऐकला की माणूस निर्धास्त होतो. म्हणून कॅल्व्हिनने प्रत्येक पाप मरणालाच पात्र आहे असे ठासून सांगितले. पण त्यावरून सगळी पापे समान ठरतात, हा निष्कर्ष त्यालाही मान्य नव्हता. पुढे लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १६४७ साली प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण तयार केले. त्यात हा प्रश्न सरळ विचारला आहे आणि उत्तर 'नाही' असे आहे. लगेच पुढे असेही म्हटले आहे, की लहानात लहान पापसुद्धा देवाच्या कोपाला पात्र आहे. मोठ्या आवृत्तीत तर पाप कशाने जड होते याची लांबलचक यादीच दिली आहे: करणारा वयाने, अनुभवाने, अधिकाराने मोठा असला तर, इतरांना वाट दाखवणारा असला तर, ज्याच्याविरुद्ध केले तो दुबळा असला तर. मुंबईत १८२९ साली आलेले आणि ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आज गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे ते जॉन विल्सन याच स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेतले. म्हणजे महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळींच्या वारशातही हे उत्तर पहिल्यापासून आहे. आपण ते विसरलो, एवढेच.

हे विसरण्याची किंमत काय असते, ते गेल्या काही दशकांत जगाने पाहिले. धर्मगुरूंकडून मुलांचे लैंगिक शोषण झाल्याची प्रकरणे देशोदेशी उघडकीला आली. अनेक ठिकाणी त्या अपराधाकडे धर्मगुरूच्या पायाचे घसरणे म्हणून पाहिले गेले. त्याचे पतन झाले, त्याने पश्चात्ताप केला, त्याला क्षमा मिळाली, त्याची बदली झाली. मूल कुठे गेले, हे कोणी विचारले नाही. १९८३ च्या चर्चसंहितेत हा अपराध ज्या विभागात होता, तो विभाग धर्मगुरूंच्या खास कर्तव्यांच्या भंगाचा होता. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली त्या संहितेच्या दंडविधानात दुरुस्ती केली. ती त्याच वर्षी ८ डिसेंबरला अमलात आली. तीत हा अपराध मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या विभागात घेण्यात आला. वरवर पाहता हा कलमाच्या जागेचा बदल आहे. अर्थ मात्र मोठा आहे. पूर्वी मोडलेल्या व्रताकडे पाहिले जात होते, आता मोडलेल्या माणसाकडे पाहायचे आहे. सिसेरोच्या जहाजातल्या बुडणाऱ्यांकडे अखेर कोणाची तरी नजर गेली, असेच मी म्हणेन.

इथवर ऐकून एखादा श्रोता विचारील, की मग ते 'सगळे सारखेच पापी' हे म्हणणे खोटेच का? खोटे नाही. ते कोणत्या अर्थाने खरे, हे येशूच्याच एका छोट्या कथेत आहे. त्या वर्गातल्या मुलीला मी तीच कथा सांगितली. एका सावकाराचे दोन ऋणको होते. एकाकडे पाचशे दीनार येणे होते, दुसऱ्याकडे पन्नास. दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एकाचे देणे दीड वर्षाच्या कमाईहून जास्त, दुसऱ्याचे दोन महिन्यांपेक्षाही कमी. दोघांपाशीही फेडायला दमडी नव्हती. सावकाराने दोघांनाही सोडले.

ही कथा नीट ऐकली तर आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. कर्जे सारखी नाहीत. एक दुसऱ्याच्या दहापट आहे आणि सावकाराच्या वहीत ते दोन्ही आकडे स्पष्ट लिहिलेले आहेत. सारखी आहे ती दोघांची नादारी. स्वतःच्या बळावर सुटणे दोघांनाही शक्य नाही. ख्रिस्ती धर्म ज्याला कृपा म्हणतो, तिची गरज दोघांनाही सारखीच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेच्या मराठी भाषांतरात पापासाठी 'ऋण' हा शब्द आला आहे, तो मला म्हणूनच फार समर्पक वाटतो. ऋणाला आकडा असतो. आणि ही कथा येशूने सांगितली कोणाला? शिमोन नावाच्या एका परूश्याला. त्याच्या घरी येशूच्या पायाशी रडणाऱ्या, गावात पापी म्हणून ठाऊक असलेल्या स्त्रीकडे तो तुच्छतेने पाहत होता, तेव्हा. पुन्हा तेच. सारखेपणाची आठवण करून दिली ती वर बसलेल्याला.

मी त्या मुलीला सांगितले, की तुझे उलटून बोलणे तुझ्या वहीत पन्नासाचे असेल तर असो, त्याची क्षमा तू देवाजवळ माग. पण त्याने मोडलेल्या हाताचा आकडा वेगळा आहे आणि तुझे पन्नास पुढे करून त्याचे पाचशे कोणालाही झाकता येणार नाहीत. क्षमेचे म्हणशील, तर जक्कयाची गोष्ट आठव. तो कर गोळा करणाऱ्यांचा मुख्य. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने नुसते डोळ्यांतून पाणी काढले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो, असे तो म्हणाला. त्यानंतर येशूने त्या घराला तारण मिळाल्याचे सांगितले. लुबाडलेला माणूस त्या हिशेबात होता. ज्या पश्चात्तापात त्याला जागाच नसते, तो पश्चात्ताप अपुरा असतो. शिवाय देवाने क्षमा केली म्हणून देशाचा कायदा रद्द होत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. ती पुढे माहेरच्या माणसांना घेऊन संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली. तसे करताना आपण देवाविरुद्ध काही करत आहोत, ही बोचणी तिच्या मनात राहिली नव्हती.

अर्थात पापांची उतरंड मानण्यातही धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. उतरंड आली की माणूस स्वतःसाठी खालचे मडके निवडतो. 'मी काही कोणाचा खून केलेला नाही', 'मी फक्त चहापाण्यापुरते घेतो, वरचे साहेब किती खातात बघा', 'आम्ही कधी जातपात पाळली नाही, लग्नाचं तेवढं वेगळं'. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण काही उगाच पडली नाही. आपले पाप क्षम्य आणि शेजाऱ्याचे प्राणघातक, अशी वाटणी करायला कोणाला शिकवावे लागत नाही. सुधारकांनी 'प्रत्येक पाप मरणाला पात्र' म्हणून जो धाक घातला, तो याच खोडीवरचा उतारा होता.

म्हणून ख्रिस्ती परंपरेने दोन्ही गोष्टी धरून ठेवल्या. माझे देणे कितीही लहान असो, ते फेडायची ऐपत माझ्यात नाही, हे एक. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या जखमेचे माप खरेच घेतले पाहिजे, हे दुसरे. पहिली गोष्ट सोडली तर आपण शिमोनाच्या पंगतीला जाऊन बसतो. दुसरी सोडली तर सुकाणूवाल्यासाठी अश्रू ढाळतो आणि बुडालेल्यांची गणतीही करत नाही.

तेव्हा यापुढे कोणी 'पाप ते पाप, सगळे सारखेच' म्हणाले, तर ते कोण म्हणत आहे आणि कोणाला म्हणत आहे, एवढे फक्त पाहावे. माणूस स्वतःविषयी, गुडघे टेकून हे म्हणत असेल, तर त्याच्याइतके खरे बोलणारा दुसरा कोणी नाही. पण मार खाल्लेल्याला हे वाक्य कोणी ऐकवत असेल, तर त्याला याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला सांगावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)